आमच्या घराला कळलेली बातमी

कांडप बंद पडलं की आमच्या घरात सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचे. सुरू असताना ओरडावंच लागे, आणि बंद झाल्यावर आवाज खाली आणायचं भान कुणाला राहत नसे. लकडगंजात लाकडं चिरणाऱ्या आरामशिनींच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या लांब खोलीत बाबांचं मिरची कांडायचं यंत्र आणि मागे आमच्या राहायच्या दोन खोल्या. यंत्र म्हणजे लोखंडी उखळांची एक रांग आणि त्यांत आळीपाळीने आदळणारी मुसळं. त्या तालावर मागच्या खोलीतल्या हंड्यातलं पाणी दिवसभर थरथरत असे. मी त्या आवाजात अभ्यास केला, झोपले, कादंबऱ्या वाचल्या. पुढे आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, पण तिथल्या शांततेची सवय व्हायला मला बरीच वर्षं लागली. मिरचीचा वास आम्हाला येतच नसे. तो दुसऱ्यांना यायचा. शाळेत मी दप्तर उघडलं की शेजारची मुलगी शिंकायची, आणि वाचनालयातले काका मी परत केलेलं पुस्तक आधी खिडकीबाहेर धरून झटकायचे. "हे लकडगंजचं पुस्तक," असं म्हणून मग ते कपाटात ठेवायचे.

घरी आलेला प्रत्येक माणूस खोकायचा आणि आमच्यापैकी कुणी खोकायचं नाही, या गोष्टीचा बाबांना फार अभिमान होता. ठसक्याचं त्यांचं एक शास्त्रच होतं. उंबऱ्यात माणूस कसा खोकला यावरून आज भिवापुरी मिरची लागली आहे की दुसरी, हे आपल्याला आत बसून सांगता येतं, असा त्यांचा दावा होता, आणि तो बहुतेक वेळा खरा निघायचा. त्यांचे उपायही ठरलेले. डोळे झोंबले तर दुधात भिजवलेला कापूस. घशाला गूळ आणि तूप. पाणी अजिबात नाही. "पाण्यानं आग पसरते," ते म्हणायचे, "गूळ चघळा आणि चूप बसा. ठसक्याले कोणी मेलं नाही आजवर." गल्लीतल्या बाया लेकरांना घेऊन यायच्या आणि बाबा एखाद्या वैद्यासारखे गंभीर होऊन गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवायचे. थोड्या वेळाने पोर बरं होऊन खेळायला पळायचं. त्यांचं ज्ञान रोज खरं ठरत होतं. आज वाटतं, एखाद्या माणसाचं ज्ञान इतकं रोजच्या रोज खरं ठरणं काही चांगलं नाही.

ताईला बघायला भोपाळहून पाहुणे आले तो दिवस आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितला जायचा. मग सांगणं बंद झालं. मुलगा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. घराणं मराठी, पण दोन पिढ्या भोपाळात गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात हिंदी सहज मिसळलेली. बाबांनी त्या दिवशी यंत्र बंद ठेवलं होतं, खोली धुऊन घेतली होती. तरी मुलगा आत पाऊल टाकताच जो खोकायला लागला तो थांबेचना. ताई पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि हा रुमालात तोंड घालून बसलेला. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला, "बाबूजी, मुलगी पसंत आहे, पण पाणी द्या." बाबा आतून गूळ घेऊन आले. "पाणी नाही. या घरचे व्हायचं तर आधी हे." आई कपाळावर हात मारून घेत होती. ताई हसू दाबत होती, आणि तिचं हसू त्याने पाहिलं. लग्न ठरलं ते तिथेच, असं आई म्हणायची.

जिजाजींना आमच्या घराची सवय कधीच झाली नाही. दर खेपेला उंबऱ्यात खोकणं, बाबांचं आतून "आले जावईबुवा!" म्हणून ओरडणं आणि मी गुळाची वाटी घेऊन धावणं हे ठरलेलं होतं. तेही त्याची मजा घेत. मला ते भोपाळच्या स्टेशनावरून जुनी मासिकं आणून देत, आणि देताना म्हणत, "नंदा, इसको चक्की से दूर रखना, बरं का." घरात माझ्या वाचण्याची दखल घेणारे ते पहिले. पुढे मी जे काही शिकले त्यात त्यांचा थोडा हात आहे. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

त्या वर्षी दिवाळीला ताई माहेरी आली ती बाळंतपणासाठी राहिलीच. जिजाजी तिला सोडून परत गेले. थंडी पडली होती, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या, आणि ताईला रोज गोळाभात लागायचा. आई बेसनाचे गोळे करून भातावर वाफवायची आणि वरून लाल मिरचीची फोडणी. ताई ती फोडणी चमच्याने पुन्हा पुन्हा घ्यायची. "पोरगं तिखटावरच पोसून राहिलं," आई म्हणायची. "मग कोणाचा नातू आहे!" बाबांचं उत्तर तयार. मात्र पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांनी ताईला सक्त ताकीद दिली होती. नवी मिरची अजून यायची होती, काम मंद होतं, तरी रोज थोडंफार कांडप चाले.

बातमी आली तेव्हा मी त्या पुढच्या खोलीत होते, नाकाला ओलं फडकं बांधून मिरचीची पूड चाळत. अशा बातम्यांच्या वेळी आपण कुठे होतो, हे माणसं एकमेकांना आवडीने सांगतात. आमच्या ग्रंथालयातही चहाच्या वेळी हा विषय निघे. कुणी क्रिकेट खेळत होतं, कुणी परीक्षेला बसलं होतं. माझी पाळी आली की मी "घरीच होते" म्हणायची. खरं म्हणजे मला त्या सकाळचं सगळं दिसतं. चाळणीच्या काठावर जमलेली लाल रेघ, दारातून येणारं कोवळं ऊन, आणि त्या उन्हात ताई येऊन उभी राहिलेली. तिला तिथे यायची बंदी होती. ती हातांनी काहीतरी खुणा करत होती. बाबा रागाने ओरडले, "आत जा वं शालू! काहून आली इकडे?" तरी ती हलेना, तेव्हा त्यांनी खटका ओढला. मुसळं एकेक करत थांबली, आणि त्या शांततेतही ताई ओरडूनच बोलली.

"बाबा, भोपाळात काही झालं! रेडिओवर सांगून राहिले. कारखान्यातून गॅस सुटला म्हणते. लोकं मेले, खूप लोकं!"

आम्ही मागे धावलो. बातम्या संपून गाणी लागली होती. बाबांनी बटण इकडेतिकडे फिरवलं. आईने ताईला घट्ट धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "देवानंच तुले इथी ठेवली वं माय." बाबाही म्हणाले, "दिवाळीपासून ठेवून घेतलं ते बरं झालं. बरं झालं गा." मलाही तेच वाटलं असावं, मी ताईच्या पोटाकडे पाहत होते. ताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि हे?"

आई उठली आणि तिने शेगडी पेटवली. काय करावं हे कळेनासं झालं की आई दृष्ट काढायची. मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या तिने ताईवरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या जळताना ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असं मानतात. आमच्या घरात कुणालाच ठसका लागत नसल्यामुळे आमची दृष्ट नेहमी जबरच ठरायची, आणि त्यावरून आम्ही आईला चिडवत असू. त्या दिवशी कुणी चिडवलं नाही. मिरच्या काळ्या होईपर्यंत आम्ही चौघं त्या धुरात डोळे उघडे ठेवून बसून होतो.

फोन लागत नव्हता. बाबा स्टेशनवर जाऊन भोपाळकडून येणाऱ्या गाड्या पाहून येत. दुसऱ्या दिवशीचा पेपर मी त्यांना वाचून दाखवला. वाचलेल्या लोकांनी सांगितलेलं त्यात होतं: झोपेतून जाग आली ती कुणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटून, डोळ्यांची आग, घशाची आग. बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग ते भिंतीला टेकून बसले, आणि आदल्या दिवसापासून ताणलेला त्यांचा चेहरा थोडा सैल पडला. "मिरचीसारखं," ते म्हणाले. "म्हणजे जवळ होते ते गेले असतील बिचारे. लांबच्याले ठसका लागला असंल." आमच्या घराचा जगातल्या मोठ्या बातम्यांशी कधी संबंध आला नव्हता. युद्धं, निवडणुका, खून, सगळं रेडिओतून यायचं आणि कांडपाच्या आवाजात बुडून जायचं. ही पहिलीच बातमी होती जी आम्हाला कळली असं आम्हाला वाटलं.

आणि जिजाजी आले. सायकलरिक्षातून उतरून, अंगावर कुणाचं तरी घोंगडं पांघरून, डोळे सुजून मिटल्यासारखे झालेले. उंबऱ्यात ते खोकले. बाबा आतून ओरडलेच, "आले! आले गा जावईबुवा!" आणि ताई एवढं पोट घेऊन पळत गेली. आई रडत होती, बाबा रडत होते, मी गुळाची वाटी आणली होती. जिजाजींनी खडा तोंडात टाकला, श्वास घेत घेत थोडं हसले आणि म्हणाले, "झोपेत वाटलं, मी सासरीच आहे. बाबूजींनी सकाळी सकाळी चक्की सुरू केली. म्हटलं, उतरेल ठसका थोड्या वेळानं. पडूनच राहिलो. मग बाहेर आरडाओरड ऐकू आली."

बाबा रडता रडता मोठ्याने हसले. "ऐकलं का वं? सासरी आहो वाटलं म्हणते!" येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं. आरामशिनीवाले, किराणावाले, सगळे जिजाजींना बघायला येत आणि बाबा त्यांना दारातच अडवून आधी हा किस्सा ऐकवत. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. मेलेला समजलेला माणूस घरी आला होता. पण जिजाजी पडून का राहिले होते, याचा विचार मला पुष्कळ वर्षांनी सुचला: ठसका आपोआप उतरतो, हे त्यांना आमच्याच घराने शिकवलं होतं.

उपाय सुरू झाले. डोळ्यांवर दुधाचा कापूस, घशाला तूप, छातीला कोमट तेल. पुढच्या खोलीचं यंत्र बाबांनी पूर्ण बंद ठेवलं होतं. आई एकदा म्हणाली, "एकडाव मेडिकलले दाखवून आणा ना." मेडिकल म्हणजे आमच्याकडे सरकारी दवाखाना. बाबा म्हणाले, "काहून? तिथी काय गूळ देतात? ठसका आहे, मोठा ठसका. दोन दिवसांत उतरते. मले पाहू दे." आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांची सूज उतरली. जिजाजींनी मला जवळ बोलावून पेपर वाचून दाखवायला सांगितलं, आणि मी वाचत असताना त्यांनी "बस" म्हणून हात वर केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ताईसोबत बसून गोळाभात जेवले, फोडणी न घेता. बाबा समोर बसून प्रत्येक घास बघत होते. "पाहा. उतरला का नाही?" ते आईला म्हणाले. मग त्यांनी अंघोळ केली, स्वच्छ धोतर नेसले, आणि बातमी आल्यापासून पहिल्यांदाच यंत्राला तेलपाणी करायला पुढच्या खोलीत गेले.

दुपारी ताईची हाक आली. जिजाजी भिंतीला पाठ लावून बसले होते, आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर पडले होते आणि श्वास घेताना आतून पाण्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत त्या घरात मी ऐकलेल्या हजारो खोकल्यांपैकी एकाचाही आवाज तसा नव्हता. बाबा दारात आले, तेलाचे हात तसेच, आणि त्यांनी तो आवाज ऐकला. त्यांच्याकडे पाहूनच मला कळलं की हा आवाज त्यांना ओळखू येत नाही. "ऑटो," ते म्हणाले. "नंदा, ऑटो आण." मी रस्त्याकडे धावले.

मेडिकलमध्ये जिजाजी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होते. डॉक्टर तरुण होते, थकलेले, आणि त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. नंतर बाबांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, "साहेब, परवा आणलं असतं तर?" "बाबा, ह्या गॅसचं आम्हालाच अजून नीट माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "सांगता येत नाही." हो किंवा नाही, काहीही म्हटलं असतं तर बाबांना ते घेऊन घरी जाता आलं असतं.

रेवा जन्मली ती जानेवारीच्या थंडीत. ताई परत भोपाळला गेली नाही. तिने डी.एड. केलं, शाळेत लागली, आणि रेवाला वाढवलं. बाबांनी कांडप चालू ठेवलं, पोट त्यावरच होतं; पण कुणी उंबऱ्यात खोकलं की ते हातातलं टाकून उठायचे, त्या माणसाला बाहेर ओट्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "दवाखान्यात जाऊन ये गा एकदा." लोकांना ते विचित्र वाटे. साध्या मिरचीने खोकणाऱ्या माणसाला मिरचीवालाच दवाखान्यात धाडतो म्हणून बाजारात त्यांची थट्टा व्हायची. ते ऐकून घ्यायचे.

बाबा आजारी पडले तेव्हा, म्हणजे रेवा कॉलेजात होती त्या सुमारास, एका दुपारी त्यांनी ताईला पलंगाशी बसवून घेतलं. मी तिथेच संत्री सोलत होते. ते म्हणाले, "शालू, एक विचारतो. तुले तेव्हा वाटलं होतं का, त्याइले मेडिकलले न्यावं म्हणून? माझ्या भेवानं बोलली नाही का तू?"

ताई म्हणाली, "नाही बाबा. मलेबी ठसकाच वाटला."

बाबा रडायला लागले. लहान मुलासारखे, आवाज करून. ताई त्यांच्या छातीवरून हात फिरवत राहिली, "असू द्या, असू द्या" म्हणत. मला त्या वेळी तिच्याबद्दल जे वाटलं ते मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ज्या चुकीने नवरा गेला तिच्यातला वाटा तिने स्वतःहून उचलला, म्हाताऱ्याला हलकं केलं, एवढं मोठं मन! आईने मरेपर्यंत तिचं हेच कौतुक केलं. रेवाही आपल्या आईबद्दल हे अभिमानाने सांगायची. दरवर्षी टीव्हीवर त्या रात्रीची चित्रं दाखवत, ताई बंद न करता ती शेवटपर्यंत बघायची, आणि आम्ही म्हणायचो, केवढी सोसणारी बाई आहे.

माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण छापायच्या आधी रेवाला वाचायला दिलं. वाचून तिने एवढंच सांगितलं की यातलं काही काढू नको. म्हणून पुढचंही ठेवते.

मागच्या हिवाळ्यात ताईचं हृदय थकलं. जरीपटका वस्तीतल्या तिच्या घरी मी दुपारी जाऊन बसायची. असंच एकदा बाबांचं बोलणं निघालं आणि मी म्हणाले, "ताई, तू तेव्हा बाबाले बरं वाटावं म्हणून बोलली ना? ठसकाच वाटला म्हणून?"

ती छताकडे पाहत होती. "नाही वं," ती म्हणाली. "खरंच वाटला होता." मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं होतं मले. घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाबा नव्हते तिथी, आई नव्हती. म्हणाले, शालू, हा मिरचीचा ठसका नाही, छातीत काही भरल्यासारखं होऊन राहिलं. मी म्हटलं, तुम्हाले मिरचीची सवय नाही म्हणून तसं वाटते. गूळ खा." ती हसल्यासारखं करून म्हणाली, "मग त्यांनी खाल्ला."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"बाबाले मी हे सांगणारच होती त्या दिवशी," ताई म्हणाली. "त्यासाठीच तर तोंड उघडलं होतं. पण ते रडालेच लागले. मग त्यांचीच समजूत घालत बसली. नंतर तुम्ही सगळे मले चांगली चांगली म्हणत गेले."

वीसएक वर्षं आम्ही बाबांना माफ करणारी म्हणून तिची स्तुती केली. तिलाही कुणीतरी "असू दे" म्हणायला हवं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या दुपारी म्हणणारी मी एकटी उरले होते. मी इतकी पुस्तकं वाचलेली बाई, शब्द शोधत बसले. तेवढ्यात रेवा चहा घेऊन आली, आणि ताईने तिला साखर कमी टाकली का म्हणून विचारलं, आणि बोलणं साखरेवर गेलं. मी मनाशी म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती आणि नाकाला ऑक्सिजन लावलेला होता. मी तिच्या कानाशी वाकून "असू दे" म्हणाले. ऐकलं की नाही, सांगता येत नाही.